कुत्र्याच्या थाळीतील इशारा

कुत्रा चप्पल फाडतो, मुलांचा चेंडू गिळतो, उकिरड्यावरचे नासके खातो. आणि आजारी पडला म्हणजे दोष त्याच्या हावरेपणाला दिला जातो. २००७ साली अमेरिका व कॅनडातील कुत्र्यांनी जे गिळले ते मात्र त्यांच्या मालकांनीच दाम मोजून आणलेले व वाडग्यात वाढलेले होते. त्या वर्षी १६ मार्च रोजी मेन्यू फूड्स या कॅनेडियन कंपनीने कुत्र्यामांजरांच्या रसदार खाद्याचे सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे बाजारातून परत मागविली. स्वस्त आणि महाग अशा कित्येक नाममुद्रांचा माल एकाच कंपनीच्या कारखान्यांतून बाहेर पडत होता, हेही त्या निमित्ताने ग्राहकांना कळले. प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. प्रथम संशय उंदीर मारण्याच्या विषावर गेला. महिनाअखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले की, चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन सापडले आहे. सरकारदरबारी सिद्ध झालेले मृत्यू विसाच्याही आत राहिले. मालकांनी कळविलेल्या मृत्यूंची संख्या हजारांत होती.

मेलामाइन म्हणजे न फुटणाऱ्या ताटल्या आणि टेबलावरचे सनमायकासारखे पत्रे ज्यापासून तयार होतात ते रसायन. ते खाद्यात पडण्याचे काहीच कारण नव्हते. निदान पोषणशास्त्राच्या दृष्टीने नव्हते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र कारण अगदी साधे होते. ग्लुटेनची किंमत त्यातील प्रथिनांच्या प्रमाणावर ठरते आणि व्यापारात प्रथिन प्रत्यक्ष मोजले जात नाही. मोजला जातो तो नायट्रोजन. कार्ल्सबर्ग मद्यशाळेच्या प्रयोगशाळेतील योहान केल्डाल या डॅनिश रसायनज्ञाने १८८३ साली ही पद्धत सिद्ध केली. प्रथिनांत साधारणतः १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून मिळालेल्या नायट्रोजनला सव्वासहाने गुणावे, की प्रथिनांचा आकडा हाती येतो. पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे. परंतु माल प्रामाणिक आहे हे तिने गृहीत धरले आहे. मेलामाइनच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग नायट्रोजनचाच असतो. म्हणजे एक किलो मेलामाइन या तपासणीत चार किलोंहून अधिक प्रथिनांसारखे दिसते. विक्रेत्याने प्रथिन विकले नाही, प्रथिनाचा आकडा विकला. आणि खरेदीदाराच्या कागदपत्रांत तो आकडा निर्दोष उतरला. कागद तपासणाऱ्या कारकुनाला पकडता न आलेली लबाडी कुत्र्याच्या मूत्रपिंडाने पकडली. मेलामाइन आणि त्याच्याच कुळातील सायन्यूरिक आम्ल एकत्र आले की न विरघळणारे स्फटिक बनतात व मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका बुजतात.

हा पहिला इशाराही नव्हता. २००४ मध्ये आशियातील काही देशांत कुत्र्यांना मूत्रपिंडाचा असाच विकार झाला होता. त्याचे कारणही हेच होते, हे २००७ नंतर जुने नमुने पुन्हा तपासल्यावर उघड झाले. चीनच्या शान्तुंग प्रांतात मेलामाइनचा टाकाऊ चुरा पशुखाद्यात मिसळणे हा राजरोस व्यवहार असल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एप्रिल २००७ मध्येच लिहिले होते. चीनने वनस्पतिजन्य प्रथिनांत मेलामाइन वापरण्यास बंदी केली. अमेरिकेने त्याच वर्षी पाळीव प्राण्यांच्या खाद्यासंबंधी कायद्यात तरतूद केली. म्हणजे दोन्ही सरकारांनी इशारा ऐकला, पण तो कुत्र्यांविषयीचा आहे अशा समजुतीने ऐकला. वस्तुतः तो तपासणीच्या पद्धतीविषयीचा होता, आणि तीच पद्धत दुधालाही लावली जात होती.

परिणाम दीड वर्षात दिसला. ११ सप्टेंबर २००८ रोजी चीनमधील सान्लू कंपनीच्या बालदुग्धचूर्णात मेलामाइन असल्याची जाहीर वाच्यता झाली. ऑगस्टच्या आरंभीच कंपनीच्या हाती तपासणीचा निष्कर्ष आलेला होता. परंतु बीजिंगमध्ये ऑलिंपिक भरायचे होते. सरकारी आकड्यांप्रमाणे सहा अर्भके मृत्यू पावली आणि सुमारे तीन लाख मुलांना बाधा झाली. एकूण बावीस कंपन्यांच्या मालात हे रसायन आढळले. ही गोष्ट एखाद्या दुर्जनाच्या कृत्याने होत नाही. चीनमधील लहान शेतकऱ्याचे दूध संकलन केंद्रामार्फत कंपनीकडे जाई. पाणी घातलेले दूध प्रथिनांच्या कसोटीवर नापास होई, आणि ती कसोटी पार करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ‘प्रथिनचूर्ण’ या नावाने विकत मिळे. चाऱ्याचे भाव चढत होते आणि जानेवारी २००८ पासून सरकारने महागाई रोखण्यासाठी दुधाच्या किमतींवर नियंत्रण आणले होते. वरून दाबलेली किंमत आणि खालून चढणारा खर्च यांच्या कात्रीत दूध सापडले. त्यात सान्लूचा माल ‘तपासणीमुक्त’ ठरविलेला होता. पुढे चूर्ण बनविणारा एक आणि दूध पुरविणारा एक अशा दोघांना फाशीची शिक्षा होऊन २००९ मध्ये ती अमलात आली. कंपनीच्या अध्यक्षांना जन्मठेप झाली.

भारताने सप्टेंबर २००८ मध्येच चिनी दूध व दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीवर बंदी घातली व ती पुढे वारंवार वाढविली. हे योग्यच झाले. पण बंदरावर पहारा बसविणे सोपे असते. येथील गावोगावच्या संकलन केंद्रांवर दुधाचा भाव ठरतो तो ‘फॅट’ आणि ‘डिग्री’ यांवर, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनांश यांवर. पाणी घातले की डिग्री उतरते आणि युरिया, साखर किंवा मीठ घातले की ती चढते. रसायन निराळे, गणित तेच. अर्थात चित्र भडक रंगविण्याचे कारण नाही. २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत १,७९१ पैकी ६८.४ टक्के नमुने प्रमाणात बसले नाहीत, परंतु त्यांतील मोठा भाग पाणी घातलेल्या दुधाचा होता. २०१८ च्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्यास घातक अशी भेसळ केवळ बारांत आढळली. त्याच पाहणीत ५.७ टक्के नमुन्यांत मात्र अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मर्यादेपेक्षा अधिक सापडले. ते कोणी दुधात मिसळत नाही. बुरशी आलेली पेंड किंवा मका जनावराच्या पोटात जातो आणि तेथून ते दुधात उतरते.

या विषाची ओळख भारताला कुत्र्यांसकट झालेली आहे. १९७४ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या आदिवासी भागांत कावीळ व जलोदराची साथ आली. अवकाळी पावसात भिजलेला मका नीट न वाळता घरात आला होता आणि दुसरे धान्य विकत घेण्याची ऐपत नव्हती. शंभरावर माणसे दगावली, आणि घरातील तेच अन्न खाणारी कुत्रीही त्याच विकाराने मेली. वैद्यकीय संशोधकांनी साथीचे कारण शोधताना या गोष्टीची दखल घेतली, कारण विषाणू सहसा माणूस आणि कुत्रा यांना एका पंक्तीला बसवीत नाही. परंतु ही दखल माणसे मेल्यावर घेतली गेली. अमेरिकेतील मालकाजवळ पशुवैद्याचे बिल होते, डब्यावरचा दूरध्वनी क्रमांक होता, न्यायालय होते. बांसवाड्याच्या कुत्र्याच्या मरणाला कोणताच कागद नव्हता. इशाऱ्याची किंमत तो देणाऱ्याच्या मालकाच्या क्रयशक्तीवर ठरते, असे म्हणावे अशीच ही स्थिती आहे.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळले आहे. कायद्याच्या कलमांना अशी सीमारेषा आखावी लागते. बुरशीला आणि भेसळीला ती दिसत नाही. जेथे मध्ये जनावर येतच नाही तेथे काय घडते, हे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्याने पाहिले. खोकल्याच्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील कित्येकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते. ०.१ टक्क्याची मर्यादा असलेले डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखानी रसायन त्या औषधात ४८ टक्क्यांहून अधिक निघाले. तेथे पहिला इशारा मुलांच्या मृत्यूनेच मिळाला.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकाच आठवड्यात चार-पाच कुत्री मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या विकाराने आली, तर ती बातमी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयास कळविणे हे डॉक्टरांच्या सौजन्यावर न सोडता त्यांच्या नेमून दिलेल्या कामात धरले पाहिजे. कुत्र्याने काय खाल्ले याची चौकशी, त्या अन्नाचा एक मोहोरबंद नमुना आणि ठरावीक मुदतीत प्रयोगशाळेचे उत्तर, एवढेच त्यासाठी लागेल. खर्चाचा प्रश्न यात फारसा नाही. दोन खात्यांमध्ये एक नोंदवही सामाईक ठेवण्याची तयारी कोणत्या सचिवाची आहे, हा प्रश्न मात्र आहे.