विश्लेषण : धावपट्टी तयार, विमान गायब! छोटी विमानतळे वाचवायची कशी?

सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. रात्रभराचा प्रवास टाळून चाकरमान्यांना मुंबईहून थेट गावाजवळ उतरता येऊ लागले. मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये ही मुंबई सेवा थांबली. अडीच किलोमीटरची धावपट्टी जागेवरच होती. मग विमान का गेले?

तीन वर्षांचे गणित काय?

ही सेवा केंद्राच्या ‘उडान’ योजनेतील होती. २०१६ मध्ये आलेल्या या योजनेत विमान कंपनीला काही आसने स्वस्त दरात द्यावी लागतात. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासासाठी २,५०० रुपयांची मर्यादा होती. यातून येणारी तूट सरकार भरून देते. महाराष्ट्रासारख्या राज्यांना त्यातील २० टक्के वाटा उचलावा लागतो. मूळ नियमानुसार ही मदत तीन वर्षेच मिळते. त्यानंतर कंपनीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी अपेक्षा असते.

अपेक्षा पूर्ण झाली का?

‘कॅग’ने २०२३ च्या अहवालात दिलेले आकडे बोलके आहेत. पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. सुरू झाले ३७१. तीन वर्षे पूर्ण केली ११२ मार्गांनी आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४. म्हणजे मंजूर मार्गांपैकी जेमतेम ७ टक्के.

विमान गेले तरी खर्च का थांबत नाही?

अग्निशमन, सुरक्षा, धावपट्टीची देखभाल हा खर्च विमान आले नाही तरी करावाच लागतो. उत्पन्न मात्र थांबते. पावसाळ्यात खराब हवामानामुळे फेऱ्या रद्द होऊ लागल्या, की प्रवाशांचा भरवसा उडतो. ते पुन्हा रेल्वेकडे वळतात. विमानतळाला कुलूप एका दिवसात लागत नाही. त्याची सुरुवात इथून होते.

उपाय काय?

अनुदान एका झटक्यात बंद करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने कमी करावे. ज्या मार्गावर प्रवासी वाढत आहेत, तिथे मुदत वाढवावी. मुंबईत उतरण्याच्या वेळा मिळणे कठीण असते. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे सुरू झाली आहेत. तिथे राज्यातील छोट्या शहरांसाठी सकाळ-संध्याकाळच्या वेळा राखून ठेवायला हव्यात. सकाळी जाऊन कामे उरकून रात्री घरी परतता आले, तरच व्यापारी आणि रुग्ण विमानाचा विचार करतील.

दुसरे म्हणजे, धावपट्टी केवळ प्रवासी विमानांच्या भरवशावर ठेवू नये. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. प्रवासी सेवा नव्हती तेव्हाही तिथली धावपट्टी वापरात होती. प्रशिक्षण, हवाई रुग्णवाहिका, हापूससारख्या नाशवंत मालाची वाहतूक यांची जोड इतरत्रही देता येईल.

अनुदान म्हणजे उधळपट्टी?

मोजक्या प्रवाशांसाठी करदात्यांचा पैसा का, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच प्रत्येक मार्गाचा दरवर्षी हिशेब जाहीर व्हावा. जिथे प्रवासीच नाहीत, तिथे सेवा बंद करणेही योग्य ठरेल. पण विमानतळासाठी जमीन एकदाच मिळते. ती देणाऱ्या गावांना उद्घाटनाची तारीख मिळाली. आता वेळापत्रक मिळायला हवे.