गोळी दिली, पण सांगितले काय?

आमच्या वस्तीतल्या एका मावशींची गोष्ट आधी सांगतो. वय पन्नाशीचे. धुणीभांडी करून मुले वाढवलेली बाई. दोन महिने खोकला अंगावर काढला. वजन उतरले, संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, तेव्हा मुलगा त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. थुंकी तपासली, टी.बी. निघाला. गोळ्या फुकट मिळाल्या. आणि आठवड्याभरात मावशींनी त्या बंद करून टाकल्या. घरात कुणाला सांगितलेही नाही.

का? तर लघवी लाल होऊ लागली. औषधाने रक्त जाते आहे या धसक्याने त्यांची झोप उडाली. खरे पाहता त्या गोळीत रिफाम्पिसिन नावाचे औषध असते आणि त्याने लघवीला नारिंगी-तांबूस रंग येतो. तो रंग म्हणजे रक्त नव्हे, घाबरण्याचे कारण नसते. गोळी देताना एवढे एक वाक्य सांगितले असते तर? पण डॉक्टरांनी सांगितले नाही, आणि 'साहेब रागावतील' म्हणून मावशींनी विचारले नाही.

टी.बी.चा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. तो मध्येच सोडला तर रोग उलटतो, जंतू त्या औषधांना जुमानत नाहीत, आणि घरातल्या लेकराबाळांनाही धोका असतो. एका न बोललेल्या वाक्याची किंमत सगळ्या घराने मोजायची!

आमच्या मावशी बचावल्या. वस्तीत फिरणाऱ्या आशाताईंनी उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि प्रकार उघडकीस आला. मग त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात नेले. आम्हीही सोबत होतो. तिथे मेडिकल कॉलेजातून शिकण्यासाठी नेमलेली एक निवासी डॉक्टर मुलगी बसली होती. तिने "मावशी, बसा ना" म्हणून स्टूल पुढे केले. "गोळ्या का सोडल्यात?" असे दरडावले नाही. "गोळ्यांचा काही त्रास झाला का?" असे विचारले. मावशींच्या तोंडून सगळे बाहेर पडले. मुलीने मध्ये एक शब्द काढला नाही. नंतर लघवीच्या रंगाचे कारण सांगितले. शेवटी म्हणाली, "मावशी, आता घरी गेल्यावर मुलाला काय काय सांगाल, ते मला सांगा बरं." मावशींनी सांगितले. किती महिने घ्यायच्या ते चुकले, ते तिने पुन्हा समजावले. सारे मिळून पाच-सहा मिनिटे लागली असतील.

कोणी म्हणेल, मुलगी स्वभावानेच गोड होती. आम्हांला तसे वाटत नाही. ती हे शिकली होती, आणि हे शिकवता येते, हेच आज आम्हांला सांगावयाचे आहे. "समजलं का?" असे विचारले की आपण सगळे मान डोलावतो. समजले असो वा नसो! म्हणून रुग्णाकडूनच पुन्हा वदवून घ्यायचे, ही शिकण्याची रीत आहे. टाके घालण्याइतकीच ती सरावाने हातात बसते.

डॉक्टर म्हणतात, "एवढा वेळ कुठे आहे?" मोठ्या रुग्णालयाच्या ओ.पी.डी.त एकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात, हे खरेच. पण दोन आकडे पाहा. अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या अभ्यासकांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटी तपासल्या. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच तोडले होते. पुढे २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी उलटे करून पाहिले. रुग्णाला अडवायचे नाही असे ठरवले. मग रुग्ण किती बोलले? सरासरी ९२ सेकंद! दहांपैकी जवळजवळ आठ जण दोन मिनिटांच्या आत थांबले. म्हणजे माणसाचे गाऱ्हाणे पुरते ऐकायला सव्वा मिनिट जास्त लागते. तेवढे न दिल्याने मावशींसारख्यांचे महिने वाया जातात.

आपल्या देशात हा विचार नवा नाही. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात वैद्यकीय विद्यार्थ्यांना तीन महिने समाजाच्या आरोग्याचे शिक्षण द्यावे, असे सुचवले होते. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे धडे आले आहेत. वाईट बातमी नातलगांना कशी सांगावी, संमती कशी घ्यावी, याचा सराव मुलांनी करावयाचा असतो. आणि एम.डी., एम.एस. करणाऱ्या निवासी डॉक्टरांना आता तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयात वा जिल्ह्यातल्या आरोग्यसेवेत काम करणे बंधनकारक आहे. कागदावर हे चांगलेच आहे. पण जिल्ह्याला गेलेल्या मुलाकडून नुसत्या केसपेपरच्या गठ्ठ्यांचा फडशा पाडून घेतला, तो रुग्णाशी कसा बोलतो हे शेजारी बसून कोणी वरिष्ठाने पाहिलेच नाही, तर त्या तीन महिन्यांत तो काय शिकणार? वरिष्ठ जसे बोलतात तसेच धाकटे बोलतात. राउंडवर साहेब खाटेवरच्या म्हाताऱ्याला 'ए बाबा, तोंड उघड' म्हणाले, की पुढच्या वर्षी विद्यार्थीही तेच म्हणतो.

भाषेचेही तसेच. सरकारी कॉलेजातल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. परप्रांतातून आलेल्या मुलाला 'जीव घाबरा होतो', 'पोटात गोळा येतो', 'हातापायाला मुंग्या येतात', 'अंगावरून जातं' हे कसे कळावे? आपल्याच शहरात इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलांचीही तीच गत. पहिल्या महिन्यात त्यांना ही बोली शिकवावी. त्याला फार खर्च येत नाही. वॉर्डातल्या सिस्टर आणि मावश्या उत्तम शिक्षिका आहेत.

आणि 'तुम्ही' म्हणायला तर काहीच खर्च नाही! पंचविशीतल्या डॉक्टरने सत्तरीच्या आजोबांना 'तू' म्हणावे, आणि अंगावरचे कपडे पाहून 'तू' की 'तुम्ही' ते ठरवावे, हे आम्ही किती वेळा डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याला दारात मान मिळत नाही, तो आत दुखणे लपवतो. मान देणे हा उपचाराचाच भाग आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निवासी डॉक्टरची पाठ मोडेपर्यंत ड्यूटी असते. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पाळली किती जाते, ते या मुलांना विचारा. न झोपलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा किती धरावी? त्यांच्या अंगावर धावून जाणे हा तर गुन्हा आहे, त्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. तेव्हा त्यांच्या झोपेची मागणी आपणही केली पाहिजे. ती आपल्याच जिवाची मागणी आहे.

आता आपले काम. दवाखान्यात जाताना त्रास केव्हापासून आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते कागदावर लिहून न्या. वाचता येत नसेल तर गोळ्यांची पाकिटेच न्या. उठण्याआधी तीन प्रश्न विचारा : मला काय झाले आहे? गोळी कशी आणि किती दिवस घ्यायची? काय झाले तर परत यायचे? आणि न सांगताच "डॉक्टर, मी सांगते, बरोबर आहे का पाहा" असे म्हणून त्यांना ऐकवा. शिकलेल्या लेकीसुनांनी घरातल्या म्हाताऱ्यांसोबत जावे.

वस्तीतली मुले-मुली आज डॉक्टर होत आहेत. त्यांच्या नावापुढच्या पदव्या आपण कौतुकाने मोजतो. पुढच्या वेळी सुट्टीत घरी आली, की त्यांना एवढेच विचारा : "बाळा, आज पेशंटला 'बसा' म्हणालास का?"

आमच्या मावशींचे सहा महिने पुरे झाले. त्या बऱ्या झाल्या. परवा कामावर जाताना भेटल्या, तर आम्हांलाच विचारत होत्या, "ती डॉक्टरीण पोरगी अजून तिथंच आहे का हो?"