विचारले काय, लिहिले काय

नोव्हेंबर २०२४ मध्ये तेलंगणात घरोघर सर्वेक्षण झाले. आदिलाबाद जिल्ह्याच्या पैनगंगेकाठच्या एका गावी आमचे आप्त राहतात. त्यांच्या ओसरीवर माहिती लिहून घ्यावयास आले ते शेजारगावच्या शाळेचे गुरुजीच. जात झाली, जमीन झाली, नोकरीचाकरी झाली. घरातील वृद्ध मावशींनी सारे शांतपणे सांगितले आणि शेवटी विचारले, "गुरुजी, नातवाच्या शाळेत मराठीचा मास्तर कवा येईन, ते कुठं लिवता?" गुरुजी ओशाळवाणे हसले. त्यांच्या हातातल्या कागदावर असा रकाना नव्हता.

मावशींचा प्रश्न आमच्या मनातून जाईना. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा या जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि नांदेडच्या मुधोळ तालुक्यातील काही भाग इकडे आला. रेघ नकाशावर ओढली गेली, घरांतून नव्हे. बेला, जैनथ, तामसी या बाजूची मराठी घरे होती तिथेच राहिली आणि त्यांच्या मुलांचा प्रश्नही त्यांच्यापाशीच राहिला.

लोकांस विचारून शाळा काढल्याचे उदाहरण या जिल्ह्यातच आहे, आणि ते जुने आहे. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांकडे गोंडांच्या स्थितीचा अभ्यास सोपविला. ते मारलवाईस जाऊन राहिले, लोकांची गाऱ्हाणी ऐकली. गोंडांच्या जमिनी जात होत्या, आणि त्याचे एक कारण म्हणजे कागदावर काय लिहिले आहे ते त्यांस वाचता येत नव्हते. त्या ऐकण्यातूनच १९४३ मध्ये मारलवाईचे शिक्षक-प्रशिक्षण केंद्र निघाले. गोंड तरुणच शिक्षक झाले, आणि गोंडी पुस्तके देवनागरीत छापली गेली. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेही पुढे अधिकारी म्हणून याच जिल्ह्यात गोंडांमध्ये वावरले; गोंडी व कोलामी या भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? १९५६ नंतर कारभार तेलुगूकडे वळला आणि त्या देवनागरी पुस्तकांचा आधार सुटला. विचारपूस एकदा करून भागत नाही. परिस्थिती पालटली की पुन्हा विचारावे लागते, ते मात्र राहून गेले.

आता कायद्याकडे पाहू. राज्यघटनेचे ३५०-क हे कलम १९५६ साली आले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. त्याही आधी, १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत आकडा ठरला होता: शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असतील, तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा. म्हणजे येथे सारे गणतीवर अवलंबून! आणि ही गणती शाळेच्या नोंदवहीत होते, ओसरीवरच्या गप्पांत नव्हे. पालकांनी भाषेची पसंती अगोदर नोंदवावी, अशी व्यवस्थाही सुचविलेली आहे. ती नोंद आपण करतो का? आम्ही ओळखीच्या सात-आठ घरी विचारले. एकानेही केली नव्हती. "मराठीच बोलतो, ते गुरुजींना दिसतंच की," असे एका गृहस्थांनी सांगितले.

दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. त्यांतलेच दोन पालक स्पष्ट म्हणाले की मुलाला इंग्रजी हवी, निदान तेलुगू तरी हवी. अर्ज, नोकरी सगळे तेलुगूत चालते. २०१८ पासून तेलंगणात तेलुगू शिकणे कायद्यानेच आवश्यक झाले आहे, आणि ते अयोग्य आहे असे आम्हांस वाटत नाही. केरामेरी मंडळ व जिवती तालुका यांच्या सीमेवरील ज्या चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, तेथे तर दोन्हीकडच्या शाळा आहेत, आणि मुलाला कुठे घालावे हे आईबापच ठरवितात. तेही एक उत्तरच झाले. फक्त ते कोणी लिहून घेत नाही.

'प्रथम' संस्थेने २००५ पासून चालविलेली 'असर' पाहणी आम्हांस या बाबतीत आवडते. जिल्ह्यातील ३० गावे, प्रत्येक गावी २० घरे, आणि मुलाच्या घरी बसून दुसरीच्या पातळीचा उतारा त्याला वाचावयास देणे, इतकी ती साधी आहे. तरी घरी मराठी बोलणाऱ्या मुलासमोर कोणत्या भाषेचा उतारा ठेवला, यावर निकाल फिरेल, हे उघड आहे.

शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा त्यांनीच करावयाचा असतो. मावशींच्या सूनबाई अशा समितीवर आहेत, हे आम्हांस चहा पिता पिता कळले. सही करण्यापलीकडे त्यांस कोणी काही विचारले नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही वहीचे एक पान फाडले आणि गावातील मराठी बोलणाऱ्या, शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांची नावे लिहावयास बसलो. मावशी सांगत होत्या, सूनबाई लिहीत होत्या. दिवे लागेपर्यंत तेवीस नावे झाली. वरच्या आळीची अजून राहिली होती.