गंजलेला बोल्ट आणि कारागिराची मजुरी

आम्ही कापडवाले. सुताचा गुंता जोरात ओढला की गाठ आवळते, हे आम्हाला कळते. पण जुनी विलीज जीप दुरुस्तीला टाकली आणि मी ते विसरलो. काम उक्ते दिले आणि रोज जाऊन "कधी होणार?" म्हणत उस्तादांच्या मागे लागलो. माझ्या घाईपोटी त्यांनी पान्याला पाइप लावला आणि बोल्ट तुटला. भोक पाडून तो काढण्यात दोन दिवस गेले.

दोष माझा होता. गंजलेल्या बोल्टला आधी तारेचा ब्रश, मग गंज सोडवणारे तेल आणि रात्रभर उसंत लागते. सहा कोनी गोटी पाना लावून आधी किंचित आवळायचे, मग सोडायचे. तरी न सुटल्यास नट तापवायचा. पण पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकचे पाइप जवळ असतील तर आग नकोच. बॉडीखालचा नट बोल्टाबरोबरच फिरू लागला तर तो ग्रिप प्लायरने धरावा. हात पोचत नसेल तर बोल्टचे डोके कापावे. जुन्या विलीजच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात; हे ठाऊक नसलेला जोर लावून स्टड तोडतो.

यात दिसणारे काम थोडे, जाणारा वेळ फार. म्हणून व्यापारी बंधूंनो, जुनी गाडी खोलण्याचे काम उक्ते देऊ नका, रोजावर द्या. उक्त्यात उशिराचा तोटा एकटा कारागीर सोसतो आणि मग हातोडा उचलतो. गिऱ्हाइकाला थानामागे सूट देणारे आपण. कारागिराच्या सब्राचे दाम मात्र का कापावेत?