गर्दी टाळायचीय? मंगळवारी जा!

जुलैमधल्या कुठल्याही सोमवारी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच प्रश्न असतो, ‘काल कुठे?’ आणि निम्म्या टेबलांचं उत्तर एकच असतं, ‘लोणावळा!’ जरा खोदून विचारलं की कळतं, धबधबा कोणी पाहिलेलाच नाही. पाहिली ती तीन तास पुढच्या गाडीची नंबरप्लेट. खाल्लं ते काचेतून हात बाहेर काढून घेतलेलं कणीस. आणि फोटो? ते गेल्या वर्षीचेच चिकटवलेत, कोणाला कळतंय!

यात मीही होते, त्यामुळे हसायचा हक्क आहे. पण गर्दी म्हणजे नुसता वैताग नसतो. ३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारीच, कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांनी भरलेला असताना कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी आपल्यासारखेच लोक होते. आठवडाभर काम करून एका सुट्टीत सगळा पाऊस अंगावर घ्यायला निघालेले.

म्हणूनच आमच्या ग्रुपमधल्या जीपवाल्याने जेव्हा फंडा मांडला, ‘आपण ऑफ-रोड जायचं बॉस, जिथे रस्ताच नाही तिथे ट्रॅफिक कुठून येणार?’ तेव्हा आम्हाला लॉजिक एकदम सॉलिड वाटलं. ठिकाण ठरलं राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे साधारण १५-१६ किलोमीटर. डांबर संपलं की दगड, लाल माती, ओढे आणि दोन्ही बाजूंना जंगल. शेवटी उधेवाडी गाव आणि त्याच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. एकेकाळी बोरघाटावर नजर ठेवणारी ही जागा. आम्ही मात्र गर्दीची नजर चुकवायला तिकडे निघालो होतो.

रविवारी. भर जुलैत.

आता हसा! अर्ध्या वाटेत कळलं की ही भन्नाट आयडिया आमच्याआधी शे-दीडशे लोकांना सुचलीय. पुढे एका चढावर कोणाची तरी गाडी रुतलेली, तिच्यामागे बाइक्सची रांग, आणि रांगेत हॉर्न! जंगलात ट्रॅफिक जॅम! जीपवाल्याचा पेशन्स संपला. ‘डावीकडून काढतो,’ म्हणाला आणि काढलीही. पुढचं चाक गवताच्या एका उंचवट्यावर चढलं, उंचवटा फुटला आणि जीप पोटापर्यंत चिखलात बसली.

तो उंचवटा म्हणजे भातखाचराचा बांध होता.

छत्री मिटून एक काका धावत आले. आमच्या गाडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते पाहत होते फुटलेल्या बांधातून धो धो बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे. ‘लावणी होऊन आठवडा नाय झाला,’ ते म्हणाले. ‘पाणी निघून गेलं तर रोपं काय करतील?’ आम्ही सगळे एका सुरात ‘सॉरी काका’. आमच्यातल्या एकाने तर पाचशेची नोटही पुढे केली. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘नोटेनं पाणी अडतंय काय? दगड उचला.’

मग आम्ही पाचही जणांनी, ज्यांचा चिखलाशी संबंध फक्त डिटर्जंटच्या जाहिरातीतला, दीड तास दगड वाहिले आणि त्यावर माती थापली. बांध उभा राहिला. मग वाडीतल्याच चार जणांनी दोर लावून जीपही बाहेर ओढून दिली. राजमाची राहिली वर ढगात. आम्ही तिथूनच परत फिरलो.

परतताना गाडीत कोणी गाणी लावली नाहीत. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आपण ज्याला ‘ऑफ-रोड’ म्हणतो, तो त्या वाडीचा रोड आहे. एकुलता एक. त्यावरून शाळेची पोरं जातात, दूध जातं, रात्री-अपरात्री आजारी माणूस जातो. आपण त्यावर मजा म्हणून चाकं फिरवून दोन फुटी चर पाडतो आणि सोमवारी ऑफिसला निघून येतो. गर्दीपासून पळताना गर्दी आपणच सोबत घेऊन जातो, आणि ती नेमकी अशा ठिकाणी सोडतो जिथे तिला सांभाळायला ना पार्किंग असतं ना पोलीस.

म्हणून दुसऱ्यांदा आम्ही नीट प्लॅन केला. हा प्लॅन तुम्हीही ढापू शकता.

पहिला फंडा : जागा बदलू नका, वार बदला. ‘कोणालाच माहीत नसलेला स्पॉट’ ही भानगड आता उरलेली नाही. तुम्हाला फोनवर सापडला, म्हणजे बाकीच्यांनाही सापडलाय. पण मंगळवार मात्र कोणालाच सापडत नाही. एक रजा टाका, तोच ट्रेल तुमचा.

दुसरा : सीझन बदला. पावसात लाल मातीचा साबण होतो आणि खाचरांत भात उभं असतं. दिवाळीनंतर कापणी उरकत आलेली असते, जमीन कडक होते, हवा स्वच्छ असते. धबधबे नसतात हे खरं. पण मागच्या वेळी तरी कुठे दिसले होते?

तिसरा : एकटी गाडी नेऊ नका. कमीत कमी दोन हव्यात, म्हणजे एक रुतली तर दुसरी ओढते. ओढायचा पट्टा गाडीच्या टो-हुकलाच लावायचा, बंपरला लावलात तर फक्त बंपरच घरी येईल. आणि पट्टा ताणलेला असताना त्याच्या आसपास कोणीही उभं राहायचं नाही. तो तुटला तर चाबकासारखा येतो.

चौथा : टायरमधली हवा. रस्त्यावर ३२-३३ ठेवता ना, कच्च्या वाटेवर ती २४-२५ च्या आसपास आणा. टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि पकड वाढते. फार कमी करू नका, सह्याद्रीचे दगड टायरची बाजू फाडतात. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवा आणि डांबरावर आल्याबरोबर हवा पुन्हा भरा. कमी हवेवर हायवेला पळवलं तर टायर तापून फुटू शकतो.

पाचवा : शंका आली की उतरा. ओढा, चिखल, आंधळं वळण, सगळं आधी पायी चालून बघा. जिथे तुम्हाला उभं राहता येत नाही, तिथे गाडीनेही जायचं नाही. आणि चाकोरी सोडायची नाही. रस्ता अडलाय? थांबा. गवत दिसतंय म्हणजे जागा मोकळी आहे असं नसतं, हे मी दीड तास दगड उचलून शिकलेय.

सहावा, आणि हा माझा सगळ्यात आवडता : जेवण गावात सांगून ठेवा. शहरातून पिशव्या भरून वेफर्स न्यायचे आणि रिकाम्या पिशव्या तिकडे टाकून यायचं, त्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करा. उधेवाडीत घरोघरी जेवणाची सोय होते. पैसे गावात राहतात, कचरा होत नाही, आणि तुम्ही वेळेत पोचला नाहीत तर कोणीतरी वाट बघत असतं. जंगलात रेंज नसताना यापेक्षा मोठी सेफ्टी नाही.

तर नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दोन गाड्या घेऊन आम्ही पुन्हा निघालो. अख्ख्या वाटेवर एक एसटीची वाट बघणाऱ्या आजी, दोन म्हशी आणि एक सायकलवाला भेटला. आजींना आम्ही उलट फिरून डांबरापर्यंत सोडलं. वाडीजवळ आल्यावर गाड्या रस्त्यावरच थांबवल्या आणि चालत खाचरापाशी गेलो. भात कापून झालं होतं. काका पेंढा रचत होते. त्यांनी ओळखलं.

‘आता कशाला आलात? पाऊस नाही, पाणी नाही!’

‘बांध बघायला आलो काका.’

तेव्हा हसले. बांध तसाच होता. आम्ही लावलेले दगड लगेच ओळखू येत होते, कारण तेवढेच वाकडे होते. ‘पीक आलं का?’ मी घाबरतच विचारलं. ‘आलं की. त्या कोपऱ्यात जरा कमी आलं,’ असं म्हणून त्यांनी कोपरा दाखवला. तो कोपरा मी नीट बघून ठेवला.

दुपारी उधेवाडीत पिठलं-भाकरी-ठेचा हाणला, संध्याकाळी श्रीवर्धनवर चढून सूर्यास्त पाहिला. वर आम्ही नऊ जण सोडून कोणीही नव्हतं. लोणावळ्याचे दिवे लागलेले दिसत होते. तिकडून आवाज एकही येत नव्हता.

बुधवारी बॉसने विचारलं, ‘काल रजा कशासाठी होती?’

‘शेतावर जायचं होतं, सर.’

शप्पथ, खोटं नव्हतं.