रोह्याचे चिंतामणराव केंब्रिजमध्ये

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला. बालपण मात्र रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले. तिथे या संस्कृतच्या विद्यार्थ्याने वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले, आणि १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकावले. इंग्रज विद्यार्थी तेव्हा मोठ्या संख्येने रणांगणावर होते. त्या ओस पडलेल्या कॉलेजांत परक्या मुलाला स्वतःची जागा स्वतःच करावी लागे. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले. रोझिना या इंग्रज तरुणीशी त्यांचा विवाह झाला, म्हणजे परकी संस्कृती केवळ वर्गात न राहता घरात आली. तरीही मूळचे काही सुटले नाही, हीच या शिक्षणाची खरी कमाई. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेल्या या माणसाने कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणले आणि संस्कृतात काव्यरचनाही केली. नाना देशांच्या अभ्यासकांना एकत्र आणणारे दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यामागे केंब्रिजचे दिवस असावेत, असे मानायला जागा आहे. रोह्यातील महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.