वाचकांचे मौन कोणाच्या हिताचे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर जो जनसागर लोटतो, त्यातील माणूस परतताना पुस्तक विकत घेऊन जातो, हे या सोहळ्याचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य होय. तेथील पुस्तकांच्या दुकानांत मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या बरोबरीने स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढून ते स्वतःच विकणारे लेखकही असतात. लेखक आणि वाचक यांची इतकी थेट गाठ अन्यत्र क्वचितच पडत असेल. परंतु तो वाचक घरी गेल्यावर पुढे काय होते? पुस्तक वाचले गेले की नाही, कोणती कथा मनात राहिली, कोणती कविता अर्ध्यावर सोडून द्यावी लागली, याची वार्ता लेखकापर्यंत सहसा पोहोचत नाही.

हा प्रश्न केवळ दीक्षाभूमीपुरता नाही. पदरमोड करून पुस्तक छापणारा लेखक आज प्रत्येक गावात आहे. संगणकावरील अक्षरजुळणी आणि मागणीनुसार छपाई यांमुळे शंभर-दोनशे प्रतींची आवृत्ती काढणेही शक्य झाले आहे. प्रकाशकाच्या आवडीनिवडीचे बंधन नसल्यामुळे असा लेखक आज कथा लिहितो, उद्या कादंबरीला हात घालतो आणि परवा कवितासंग्रह सिद्ध करतो. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे, यात संशय नाही. मात्र प्रकाशकाबरोबर संपादकही जातो, हे विसरून चालणार नाही. हस्तलिखितावर लाल पेन्सिल फिरविणारा, फसलेले प्रकरण काढून टाकावयास सांगणारा कोणी उरत नाही. अशा लेखकाचा परीक्षक एकच, तो म्हणजे वाचक. त्यानेही मौन धरले, तर लेखकाने आपली चूक ओळखावी कशी?

वस्तुतः प्रतिसाद अगदीच मिळत नाही असे नाही. मिळतो तो निरुपयोगी असतो. प्रकाशन समारंभात शाल-श्रीफळ होते, अध्यक्ष पुस्तकाची दखल घ्यावी असे सांगतात. ‘अभिप्रायार्थ सप्रेम भेट’ असे लिहून दिलेल्या प्रतीचे उत्तर ‘पुस्तक मिळाले, छान आहे’ एवढेच येते. याचे मूळ आपल्या भिडस्तपणात आहे. शहर वाढले, तरी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचे वर्तुळ लहानच आहे. ज्याचे पुस्तक आवडले नाही, तोच गृहस्थ उद्या शाळेच्या शिक्षकखोलीत, कचेरीत वा वाचनालयात भेटणार असतो. मग खरे बोलून वाईटपणा कोणी घ्यावा? या सौजन्याची किंमत मात्र लेखक मोजतो. ज्याची कथा सकस पण कविता कच्ची, तोही दोन्हींबद्दल सारखीच स्तुती ऐकतो आणि घरखर्चातून वाचविलेला पैसा चुकीच्या पुस्तकावर घालतो.

नागपूरच्याच वाङ्मयीन इतिहासात याहून निराळे उदाहरण आहे. सुरेश भट गझल लिहू पाहणाऱ्या नवोदितांना ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका टपालाने पाठवीत असत. नवख्याची रचना वाचून नुसती पाठ थोपटणे सोपे होते. भटांनी त्याऐवजी वृत्त, काफिया आणि रदीफ यांचे नियम त्याच्या हाती ठेवले. मराठी गझलेला पुढे जे अनेक लिहिते हात लाभले, त्यामागे या टपालखर्चाचाही वाटा आहे. ‘छान आहे’ हा अभिप्राय तिथेच संपतो. ‘येथे वृत्त मोडले’ हा अभिप्राय लेखकाला कामाला लावतो.

दुसरे उदाहरण ग्रेस यांचे. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांची कविता दुर्बोध आहे, हा आक्षेप वाचकांनी उघडपणे घेतला आणि तितक्याच आवेशाने इतरांनी तो खोडून काढला. ग्रेस यांनी त्यापायी आपली वाट बदलली नाही. परंतु या वादामुळे कविता पुन्हा पुन्हा वाचली गेली, तिच्या अर्थाचा शोध घेतला गेला. पुढे २०११ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या ‘वाऱ्याने हलते रान’ या ललित गद्याला. नापसंतीने कवी संपला नाही. मतभेद हादेखील वाचकाने दिलेला मानच असतो. उपेक्षेत तो मान नसतो.

‘आम्ही काही समीक्षक नव्हे, आमच्या मताला काय अधिकार?’ असे अनेक वाचक विचारतील. हा विनय अस्थानी आहे. समीक्षेची परिभाषा येत नसली, तरी आपण कोणत्या पानावर थांबलो, कोणते पात्र खरे वाटले, कोणता शेवट ओढूनताणून आणलेला वाटला, हे प्रत्येक वाचकाला सांगता येते. लेखकाला हवे असते तेही नेमके हेच. शिक्षकाने ते वर्गातील विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे, कारकुनाने एका पोस्टकार्डावर लिहावे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान यांची व्यवस्था लाभली. त्या ग्रंथालयांना स्थानिक लेखकांच्या पुस्तकांसाठी एक अभिप्राय-वही ठेवणे कठीण नाही. त्यासाठी लागते ते चाळीस पानी वही आणि दोरीने बांधलेले एक पेन.

अर्थात लेखकानेही ‘अभिप्रायार्थ’ या शब्दाचा अर्थ पाळला पाहिजे. अभिप्राय मागावयाचा आणि प्रतिकूल आला की बोलणे सोडावयाचे, या वृत्तीनेच वाचकांना मौन शिकविले आहे. ज्याने वेळ काढून दोष दाखविला, त्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचले आहे, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पुस्तक विकत घेणे ही वाचकाच्या कर्तव्याची पहिली पायरी. दुसरी पायरी चढण्यास पैसा लागत नाही, थोडे धैर्य लागते. ते धैर्य दाखविले नाही, तर पुस्तके निघत राहतील, समारंभ होत राहतील. साहित्य मात्र वाढणार नाही.